दौतीतलं इंग्रजी

इंग्रजी ही भाषा निदान इंग्रजांना तरी जन्मतः येते, असा आपल्याकडे पिढीजात समज आहे. मॅट्रिकला इंग्रजीने दगा दिलेल्या आमच्या एका काकांचं सगळं तत्त्वज्ञानच या समजावर उभं होतं. "अरे, त्यांच्या आईच्या दुधातच असते ती! आपल्याला कुठून यायची?" असं म्हणून ते पान जुळवायला घेत. काकांना हयातभर कुणी सांगितलं नाही, की इंग्रजीचा इंग्रजीतच अर्थ सांगणारा पहिला कोश निघाला, तो खुद्द इंग्रजांचं अडत होतं म्हणून!

साल १६०४. शेक्सपिअर हयात होता. अशा वेळी रॉबर्ट कॉड्री नावाच्या मास्तरांनी सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचं एक चोपडं छापलं. नाव 'अ टेबल अल्फाबेटिकल'. मास्तर आधी पाद्री होते. चर्चमधल्या वरिष्ठांशी पटेना म्हणून ती जागा गेली. (साहेबाशी न पटणारा माणूस शब्दकोशात डोकं घालतो, हे मी आमच्या कचेरीतही पाहिलंय.) कोशात मांजर, भाकरी असली मंडळी नाहीत. बहुतेक सगळे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच घराण्यांतले पाहुणे. आणि तो वापरायचा कसा, तेही मास्तरांनी समजावलंय : आधी मुळाक्षरं पाठ करा; शब्द 'ए'ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या आरंभी बघा, 'व्ही'ने होत असेल तर शेवटाकडे!

हे कुणासाठी? मुखपृष्ठावरच लिहिलंय : स्त्रियांसाठी, आणि इतर अडाणी जनांसाठी. लॅटिनच्या शाळा मुलग्यांच्या. बायकांनी प्रवचनातले जडजंबाल शब्द ऐकायचे आणि गप्प बसायचं. हे वाचलं की मला आमची आत्या आठवते. तिचे भाऊ ओसरीवर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मोठ्याने घोकत, आणि दाराआड तांदूळ निवडता निवडता आत्या तीच मनात घोकी. पुढे भाऊ सगळं विसरले. आत्या मात्र सत्तरीतही औषधाच्या बाटलीवरचा मजकूर स्वतः वाची आणि मग डॉक्टरांची उलटतपासणी घेई.

पण मुळात हे शब्द आले कुठून? सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी लॅटिनमधून ते गाड्या भरभरून आणले. चिडलेल्या लोकांनी त्यांना नाव ठेवलं 'शाईच्या दौतीतले शब्द'. १५५३ साली टॉमस विल्सन यांनी अशा शब्दांनी ठासून भरलेलं एक पत्र टिंगलीसाठी छापलं. पत्र कसलं, तर चर्चमधली एक जागा मिळावी म्हणून केलेला अर्ज! (अर्जातलं इंग्रजी तेव्हापासूनच असं आहे तर.) जॉन चीक हे केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक. त्यांनी बायबलच्या भाषांतरात 'लुनॅटिक'ला 'मून्ड' केलं, 'सेंच्युरियन'ला 'हंड्रेडर'. आपल्याकडे सावरकरांचा 'महापौर' खुर्चीत पक्का बसला. चीकसाहेबांचा 'हंड्रेडर' बिचारा उमेदवारीतच गेला.

सगळ्यांवर कडी केली हेन्री कॉकरम यांनी. १६२३ च्या त्यांच्या कोशाच्या दुसऱ्या भागात साधा शब्द शोधायचा आणि त्याच्या बदल्यात भारदस्त शब्द घ्यायचा. थेट बोहारणीचा व्यवहार : जुनेर द्या, पातेलं घ्या! अमेरिकेला जायच्या परीक्षेसाठी शब्दांच्या याद्या पाठ करणारा आमचा भाचा वेगळं काय करतो? नॉर्मन लुइस यांचं १९४९ सालचं 'वर्ड पॉवर मेड इझी' आजही अप्पा बळवंत चौकात मागाल तेव्हा मिळतं.

विल्सनसाहेबांनी टर उडवलेल्या त्या अर्जातला 'इंजेंट' हा शब्द मेला. म्हणजे 'प्रचंड'. पण त्याच अर्जात 'डेक्स्टेरिटी' होता, 'सेलिब्रेट'ही होता. परवा आमच्या सोसायटीतली चौथीतली चिमुरडी दारात येऊन म्हणाली, "काका, खाली या ना, माझा बड्डे सेलिब्रेट करायचाय!"