कारागीर घडवायचा कोणी?

कारागिराला शिकवायचे कोणी आणि त्या शिक्षणाचा खर्च सोसायचा कोणी, हे दोन प्रश्न वरवर पाहता एकच वाटतात. ब्रिटनच्या औद्योगिक इतिहासात मात्र त्यांची फारकत झाली, आणि ती सांधण्यासाठी त्या देशाला अखेर कायदा करावा लागला.

१५६३ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, धंदा करू इच्छिणाऱ्याने सात वर्षे उमेदवारी केलीच पाहिजे असा निर्बंध आला. मुलगा उस्तादाच्या घरी राही, त्याच्याच हाताखाली शिके. सात वर्षे पुरी होईपर्यंत तो कोठे जाणार नाही, याची उस्तादाला शाश्वती असे. पहिल्या वर्षांत वाया गेलेले लाकूड आणि लोखंड शेवटच्या वर्षांच्या कामातून भरून निघे. १८१४ मध्ये पार्लमेंटने ही सक्ती काढून टाकली. उमेदवारीची चाल टिकली, पण तिचा कायद्याचा आधार गेला.

मग काय झाले? जो कारखानदार मुलांना शिकवी, त्याची पदरमोड होई. शेजारचा कारखानदार चार शिलिंग जास्त देऊन तयार कारागीर उचलून नेई. कुशल हातांची टंचाई आहे, याविषयी कोणाचेही दुमत नव्हते. १९५८ साली एका सरकारी समितीने प्रशिक्षणाची जबाबदारी उद्योगांवरच सोपवावी असा सल्ला दिला, आणि उद्योगांनी तो आनंदाने मानून फारसे काही केले नाही.

म्हणून १९६४ चा औद्योगिक प्रशिक्षण कायदा आला. लोकर, लोखंड-पोलाद, यंत्रनिर्मिती आणि बांधकाम या धंद्यांसाठी त्याच वर्षी मंडळे स्थापन झाली. मंडळावर मालक आणि मजूर संघटना यांचे प्रतिनिधी समसमान असत. शिक्षणतज्ज्ञही असत, परंतु पैशाचा ठराव मताला आला की त्यांना मत नसे! मंडळ धंद्यातील प्रत्येक मालकावर पट्टी बसवी आणि जो नीट शिकवी त्याला त्यातून अनुदान देई. यंत्रनिर्मितीच्या मंडळाने आरंभी एकूण पगाराच्या अडीच टक्के इतकी पट्टी बसविली होती. आता शेजाऱ्याचा कारागीर पळविणाऱ्यालाही त्याच्या शिक्षणाचा वाटा उचलणे भाग पडले.

माझ्या मते मंडळांचे खरे बळ या पट्टीत होते. धंद्याला कोणते कसब हवे, हे धंदेवाल्यांना आधीही ठाऊक होतेच.

लहान दुकानदार मात्र कुरकुरू लागले. पट्टी आम्ही भरावी आणि अनुदान बड्या कारखान्यांनी न्यावे, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. १९७३ च्या कायद्याने पट्टीला साधारणपणे एक टक्क्याची मर्यादा घातली आणि सवलतींची दारे उघडली. १९८१ मध्ये तेवीस मंडळांपैकी सोळा मोडण्याचे सरकारने जाहीर केले. बांधकामाचे मंडळ मात्र पट्टीसह पुढे अनेक दशके टिकले. त्याचे कारण समजण्याजोगे आहे: गवंडी आज एका ठेकेदाराकडे, तर उद्या दुसऱ्याकडे, त्याला शिकविण्याचा खर्च एकट्याने करण्यास कोण धजणार?

आपल्या देशाने १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमात निराळी वाट धरली. कारखान्याने किती उमेदवार घ्यावेत, याचे प्रमाण सरकारने ठरवावे, अशी ती योजना. २००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ निघाल्यावर उद्योगांच्या पुढाकाराने क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदाही उभ्या राहिल्या. अभ्यासक्रम आणि कसोट्या ठरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. पट्टी बसविण्याचा अधिकार मात्र आला नाही.

ब्रिटनमध्ये २०१७ साली मोठ्या मालकांवर उमेदवारीची पट्टी पुन्हा बसली. पण या वेळी ती धंद्याच्या मंडळाकडे जात नव्हती. ज्या मालकाने भरली, त्याच्याच खात्यावर ती प्रशिक्षणासाठी जमा होत होती.