जखमी वाटसरूचें ऋण

आमच्या मुरुडाहून नांदगांव-काशीदमार्गें अलिबागेस जाणारा रस्ता समुद्राच्या कडेनें वळणें घेत जातो. अशा वळणावर मोटार उलटली, तर जखमी माणसास प्रथम हात लागतो तो वाटसरूचा. त्या हातास धर्मांनीं काय शिकविलें, हें आज पाहूं.

लूकच्या शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. लुटारूंनीं अर्धमेला केलेल्या प्रवाशास टाळून याजक व लेवी पुढें निघून जातात. परका शोमरोनी मात्र त्याच्या जखमा बांधतो आणि उतारशाळेचा खर्चही देतो. यात्रेकरूंची शुश्रूषा करणाऱ्या संत जॉनच्या प्राचीन पंथाच्या परंपरेंतून १८७७ सालीं इंग्लंडांत 'सेंट जॉन ॲम्ब्युलन्स' निघाली व सामान्य जनांस प्रथमोपचार शिकवूं लागली. आमच्या कोंकणांत नाणीजच्या नरेंद्राचार्य संस्थानानें अपघातग्रस्तांसाठीं महामार्गांवर विनामूल्य रुग्णवाहिका ठेविल्या.

तथापि पोलिसी चौकशीच्या धाकानें पुष्कळांचे हात आंखडत. जखमीचे प्राण आधीं, सोपस्कार मागाहून, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं परमानंद कटारा खटल्यांत बजाविलें. पुढें २०१९ सालच्या मोटारवाहन कायद्याच्या दुरुस्तीनें, सद्भावनेनें मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारींतून मुक्त केलें. त्या कलमांतील 'गुड समॅरिटन' म्हणजे दृष्टांतांतला तो शोमरोनीच!

कायद्यानें भय दूर केलें. कौशल्य मात्र शिकावेंच लागतें. रक्तस्राव दाबून कसा थांबवावा, मान न हालवितां माणूस कसा उचलावा, हे धडे देवळाच्या सभामंडपांत आणि मशिदीच्या आवारांत दिले जावेत. रुग्णालय दूर असतां पहिल्या घटकेवरच प्राण अवलंबून असतात.