हेतू शुद्ध होता, मग शिक्षा कशाची? आबेलारच्या एका उदाहरणाविषयी

12 व्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या पीटर आबेलारने नीतिशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्यातलं एक उदाहरण मुद्दाम सावकाश वाचा. एक गरीब आई आहे. तान्ह्या बाळाला पांघरायला घरात काही नाही. थंडी लागू नये म्हणून ती बाळाला कुशीत घेते, स्वतःच्या अंगावरच्या चिंध्यांत गुंडाळते. शेवटी तिचं शरीर थकतं आणि बाळ तिच्याच कुशीत गुदमरून मरतं. ती बिशपसमोर जाते. तो तिला जबर प्रायश्चित्त देतो.

आता सांगा, तिने पाप केलं का? आबेलारच्या मते नाही. पाप हातून घडलेल्या गोष्टीत नसतं. जे चूक आहे हे आपल्याला कळतं, त्याला मनाने दिलेल्या संमतीत असतं. मग शिक्षा का? तर तिने आणि इतर बायकांनी पुढे जपावं म्हणून! मन फक्त देवाला दिसतं, माणसांना घडलेलं तेवढंच दिसतं. हे उत्तर मला आजही बोचतं.

संशोधनाच्या प्रस्तावात आपण पटकन लिहून टाकतो, ‘आधी चर्च कृती मोजत असे, आबेलारनंतर हेतू मोजू लागलं.’ इतकं सरळ नाही ते. आयर्लंडमध्ये 6 व्या शतकापासून लिहिल्या गेलेल्या प्रायश्चित्ताच्या पुस्तिका बघा. कोणत्या पापाला किती दिवस, किती वर्षं उपास, याचे जणू दरपत्रकच. पण त्यांतही ठरवून केलेला खून आणि चुकून झालेला मृत्यू यांची प्रायश्चित्तं वेगळी आहेत. म्हणजे हेतूचा विचार तिथेही होता. आणि आबेलारचा बिशप त्यानंतरही परिणाम बघूनच शिक्षा देतो.

विरोध अर्थातच झाला. 1141 च्या सुमारास सांस इथल्या धर्मसभेत क्लेअरव्होच्या बर्नार्डच्या पुढाकाराने आबेलारच्या मतांचा निषेध झाला. ज्यांनी अजाणतेपणी ख्रिस्ताला क्रुसावर चढवलं त्यांनी पाप केलं नाही, असं तो म्हणतो, हा त्यातला एक आरोप. हेतूचा नियम शेवटपर्यंत ताणला की कुठे पोचतो ते लक्षात येतंय ना?

13 व्या शतकात थॉमस अक्वायनसने हा ताण वेगळ्या रीतीने सोडवला. काय केलं, कशासाठी केलं, कोणत्या परिस्थितीत केलं, हे तिन्ही तपासायचं. वाहवा मिळावी म्हणून दिलेलं दान बिघडतं. पण दान करायचं म्हणून केलेली चोरी चोरीच राहते.

त्याआधीच, 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक जाणत्या श्रद्धावंताला वर्षातून एकदा तरी पापांची कबुली देणं बंधनकारक केलं होतं. त्यामुळे हा प्रश्न पंडितांपुरता राहिला नाही. समोर गुडघे टेकलेल्या माणसाला ‘काय केलंस?’ याबरोबर ‘का केलंस?’ हेही विचारायची वेळ गावातल्या साध्या धर्मगुरूवर आली.