औद्योगिक पट्ट्यातील पालकांची गणना : पिंपरी-चिंचवड व चाकण

प्रस्तावना :
प्राथमिक शाळेतील मुलांविषयीच्या सर्वेक्षणात पालकांचे वय, शिक्षण, व्यवसाय, मातृभाषा व स्थलांतर ही माहिती पायाभूत मानली जाते. मात्र पालक हा मुलाच्याच घरी आढळेल, असे त्यात गृहीत धरलेले असते. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याचा इतिहास या गृहीतकाची मर्यादा स्पष्ट करतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर या परिसरात कारखानदारी वाढली. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. पुढे वाहन उद्योग चाकणपर्यंत विस्तारला. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १० लाख होती. ती २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. या वाढीत स्थलांतरितांचा वाटा मोठा होता.

गणनेची परंपरा :
धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे एकक कुटुंब हे होते. जनगणनाही एकत्र राहणाऱ्या व एका चुलीवर जेवणाऱ्या व्यक्तींचा गट म्हणजे कुटुंब मानते आणि प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते नोंदविते. १९७१ पासून पूर्वीचे वास्तव्यस्थान व १९८१ पासून स्थलांतराचे कारण विचारले जाऊ लागले. अपत्यांची संख्या मात्र केवळ विवाहित, विधवा वा घटस्फोटित स्त्रियांनाच विचारली जाते.

विवेचन :
याचा परिणाम लक्षणीय आहे. चाकणमध्ये सहकाऱ्यांसमवेत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराची मुले गावी आजी-आजोबांकडे असल्यास, जनगणनेत तो 'विवाहित, स्थलांतरित, कामगार' ठरतो. 'पिता' म्हणून त्याची नोंद कोठेच होत नाही. शाळेमार्फत होणाऱ्या पाहणीतही हीच उणीव राहते. तिच्यात कुटुंबासह स्थिरावलेले पालक येतात; एकटे आलेले वगळले जातात. शिवाय पालकसभेच्या वेळी पाळीवर असलेल्या किंवा रजा घेतल्यास रोजंदारी बुडणाऱ्या कंत्राटी कामगाराचे उत्तर मिळणे कठीण असते. परिणामी नमुन्यातील पालक प्रत्यक्षापेक्षा अधिक स्थिर भासतात, आणि त्या आधारे आखलेल्या शालेय योजना अधिक गरजू कुटुंबांपर्यंत पोहोचत नाहीत.

निष्कर्ष :
२०२१ ची नियोजित जनगणना लांबणीवर पडल्याने स्थानिक पाहण्यांचे महत्त्व वाढले. अशा पाहणीचा आरंभ कुटुंबप्रमुखापासून न करता मुलापासून करणे इष्ट ठरते. आई व वडील यांचे शिक्षण, वास्तव्य, कामाची पाळी व नोकरीचे स्वरूप स्वतंत्रपणे नोंदवावे. तसेच कामगारवस्तीतील पाहणीत पुरुषांनाही अपत्यांविषयी विचारावे. ज्यांच्या श्रमावर हा पट्टा उभा राहिला, ते केवळ कामगार नसून पालकही आहेत, ही बाब त्याशिवाय आकडेवारीत उमटणार नाही.