तीन लेन आणि बावीस टक्के

५ नोव्हेंबर २०१३. रात्रीचे ८ वाजतात, न्यू जर्सी राज्यातलं मतदान संपतं आणि वृत्तसंस्था लगेच निकाल सांगून मोकळ्या होतात. गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी पुन्हा निवडून आलेत. त्यांना ६० टक्क्यांहून अधिक मतं, प्रतिस्पर्धी बार्बरा ब्युओनो यांना ३८. अंतर बावीस टक्क्यांचं. २१ पैकी १९ काउंट्या ख्रिस्टींच्या पदरात.

अमेरिकेतला गव्हर्नर लोकांतून निवडून येतो आणि राज्याचा कारभार तोच हाकतो, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेल्या राज्यात एका रिपब्लिकन गव्हर्नराने एवढी मुसंडी मारणं म्हणजे थेट २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाचा दावाच होता. त्याला पंख फुटले होते २०१२ च्या सँडी वादळानंतर. मदतकार्यात डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला हा गव्हर्नर विरोधी मतदारांनाही आपला वाटू लागला होता.

मात्र या विजयाला सुरुंग लागला होता तो निकालाच्या जवळजवळ तीन महिने आधी. तोही विरोधकांनी लावलेला नव्हता.

१२ ऑगस्ट, मतदानाला ८५ दिवस

सगळ्या जनमत चाचण्यांत ख्रिस्टी खूप पुढे आहेत. प्रचाराला आता नुसता विजय नको आहे, विक्रम हवा आहे. विरोधी पक्षाचे महापौर आणि नगरसेवक एकेक करून आपल्याकडे वळवायचे, म्हणजे उद्या देशाला सांगता येईल की हा माणूस दोन्ही पक्षांना चालतो.

फोर्ट ली हे हडसन नदीकाठचं छोटं शहर. तिथले डेमोक्रॅट महापौर मार्क सोकोलिच मात्र पाठिंबा देत नाहीत. गव्हर्नरांच्या उपप्रमुख सहायक ब्रिजेट अ‍ॅन केली आज प्रचारातल्या एका सहकाऱ्याकडून पुन्हा खात्री करून घेतात. उत्तर तेच: सोकोलिच येणार नाहीत.

१३ ऑगस्ट, सकाळी ७ वाजून ३४ मिनिटं

केली एक ओळीची ई-मेल पाठवतात. आशय असा, की फोर्ट लीमध्ये आता जरा वाहतुकीची अडचण व्हायला हवी. ती जाते डेव्हिड वाइल्डस्टीन यांना. ख्रिस्टी ज्या शाळेत शिकले त्याच शाळेतले हे गृहस्थ आता पोर्ट ऑथॉरिटीत वरिष्ठ अधिकारी आहेत. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांमधले पूल, बोगदे, बंदरं आणि विमानतळ हीच संस्था चालवते.

७ वाजून ३५ मिनिटांनी वाइल्डस्टीन यांचं उत्तर येतं: समजलं.

एका मिनिटाचं काम. केली कारण लिहीत नाहीत, वाइल्डस्टीन विचारत नाहीत.

६ सप्टेंबर, शुक्रवार

जागा ठरली आहे, जॉर्ज वॉशिंग्टन पूल. १९३१ साली खुला झालेला, दोन मजली, १४ लेनचा, मोटारींच्या वर्दळीत जगात पहिला. न्यू जर्सीत मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. नदीपलीकडे नोकरी असलेल्या कुणालाही विचारावं, सकाळचं गणित पूल आणि बोगदे यांच्यावरच बसतं.

पुलाच्या वरच्या मजल्याच्या टोलनाक्यावर १२ लेन आहेत. सकाळच्या गर्दीत त्यांतल्या तीन लेन रबरी शंकू लावून फोर्ट लीच्या गल्ल्यांतून येणाऱ्या गाड्यांसाठी राखल्या जातात. वाइल्डस्टीन पुलाच्या अधिकाऱ्यांना सांगतात की सोमवारपासून तीनऐवजी एकच ठेवा. वाहतुकीचा अभ्यास करायचा आहे. आणि फोर्ट लीला कळवायचं नाही.

ही शेवटची सूचना अधिकाऱ्यांना खटकते. शहराला न सांगता त्याचे रस्ते असे बंद करत नाहीत. पण वरून आलेला हुकूम मानला जातो. तो थांबवता आला असता असा हा पहिला क्षण.

९ सप्टेंबर, सोमवार, पहाट

फोर्ट लीतल्या शाळांचा आज पहिला दिवस. गर्दी सुरू होण्याआधीच शंकू सरकवले जातात. परिणाम पाहायला वाइल्डस्टीन स्वतः हजर आहेत.

सकाळची गर्दी

अख्खं शहर ठप्प. तीन लेनची रांग एका टोलखिडकीपुढे, तिच्या शेपट्या गावातल्या चौकाचौकांत. शाळेच्या बस अडकल्यात, रुग्णवाहिका अडकल्यात. नव्वदी ओलांडलेली एक बाई बेशुद्ध पडल्याचा फोन येतो आणि पथकाला पोहोचायला उशीर होतो. पुढे त्या वारल्या. घरच्यांनी दोष लेनबंदीला दिला नाही. तरी आपत्कालीन सेवेच्या प्रमुखांनी दुसऱ्याच दिवशी महापौरांना लिहिलेल्या पत्रात अशा चार प्रसंगांची नोंद आहे.

सकाळी साडेनऊच्या सुमारास

सोकोलिच पोर्ट ऑथॉरिटीतले न्यू जर्सीचे सर्वांत वरिष्ठ अधिकारी बिल बारोनी यांना फोन करतात. निरोप ठेवतात: फोर्ट लीतल्या लोकांच्या सुरक्षिततेचा तातडीचा प्रश्न आहे. हा निरोप केलींपर्यंत पोहोचतो. परत फोन केला का, असं त्या विचारतात. वाइल्डस्टीन कळवतात, पलीकडे चिडीचूप.

शिक्षेची खरी रीत इथे दिसते. रस्ता अडवणं हा तिचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग म्हणजे फोन न उचलणं. महापौराने कारण शोधत बसावं, आपलं काय चुकलं ते स्वतःच ताडावं.

१० सप्टेंबर, मंगळवार, सकाळ

सोकोलिच आता बारोनींना मोबाइलवर संदेश पाठवतात. मुलांना शाळेत पोहोचवणं अवघड झालंय, मदत करा. संदेश फिरत फिरत केलींकडे जातो. मला हसू येतंय, हे चुकीचं आहे का, असं त्या वाइल्डस्टीनना विचारतात. नाही, असं उत्तर मिळतं. मुलांचं वाईट वाटतं, बहुधा, असं त्या पुढे लिहितात. त्यावर वाइल्डस्टीन म्हणतात, ती ब्युओनोंना मतं देणाऱ्यांची मुलं आहेत.

पुढच्या साऱ्या प्रकरणात या वाक्याइतकं महाग दुसरं काही पडलं नाही. ज्या नेत्याची सारी मिरवणूक ‘मी दोन्ही पक्षांचा’ या एका वाक्यावर निघाली होती, त्याच्या माणसाने शाळकरी मुलांची वाटणी मतांप्रमाणे केली होती.

११ सप्टेंबर, बुधवार

न्यूयॉर्कमध्ये २००१ च्या हल्ल्यातल्या मृतांना श्रद्धांजली. ख्रिस्टी, बारोनी आणि वाइल्डस्टीन एकत्र उभे असल्याची छायाचित्रं आहेत. कोंडीची गोष्ट आपण त्याच वेळी गव्हर्नरांच्या कानावर घातली, अशी साक्ष वाइल्डस्टीन यांनी पुढे न्यायालयात दिली. ख्रिस्टींनी ती कायम नाकारली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सोकोलिच बारोनींना पत्र लिहितात. यात शिक्षेची छटा दिसते, पण कारण काही केल्या कळत नाही, असा सूर. संध्याकाळी एका पत्रकाराची विचारणा पोर्ट ऑथॉरिटीच्या कार्यकारी संचालकांपर्यंत जाते. पॅट्रिक फॉय हे न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी नेमलेले. आपल्याच पुलावर चार दिवस काय चाललंय, याचा पत्ता संस्थेच्या प्रमुखाला बाहेरून लागतो. दोन राज्यांची माणसं एका छताखाली बसवली आणि दोघांनी आपापल्या राजधानीकडेच कान लावले, की असं होतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ७ वाजून ४४ मिनिटं

फॉय यांची ई-मेल सुटते. लेन ताबडतोब उघडा. हा घाईचा, अविचारी निर्णय संघराज्याचा आणि दोन्ही राज्यांचा कायदा मोडतो असं माझं मत आहे. लेन उघडतात. वाइल्डस्टीन केलींना कळवतात की न्यूयॉर्कवाल्यांनी तिन्ही लेन परत दिल्या. आपली माणसं भडकली आहेत आणि उट्टं काढायची तयारी आहे, हेही त्यात असतं.

मतदानाला ५३ दिवस उरलेत. कोंडी फुटली. कागद मात्र तयार झाले.

५ नोव्हेंबर, मंगळवार, रात्र

अ‍ॅसबरी पार्कच्या कन्व्हेन्शन हॉलमध्ये जल्लोष. ख्रिस्टींचं भाषण वॉशिंग्टनला उद्देशून आहे: आमच्याकडे पक्षभेद विसरून कामं होतात, तुम्हीही शिका. फॉय यांची ती ई-मेल ऑक्टोबरातच वर्तमानपत्रात आलेली आहे, पण लाटेपुढे तिच्याकडे लक्ष कोण देतो?

त्याच मतदानातला दुसरा निकाल त्या रात्री कुणी फारसा मोजत नाही. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडेच राहिली आहेत.

२५ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर

विधानसभेच्या परिवहन समितीपुढे बारोनी सांगतात की तो वाहतुकीचा अभ्यास होता. २ डिसेंबरला ख्रिस्टी पत्रकारांची थट्टा करतात: ओव्हरऑल आणि टोपी घालून शंकू मीच हलवत होतो. ६ तारखेला वाइल्डस्टीन यांचा राजीनामा. ९ तारखेला फॉय साक्ष देतात, असा कोणताही अभ्यास मला माहीत नाही. १३ तारखेला बारोनींचा राजीनामा. समितीने तोवर कागदपत्रं सक्तीने मागवलेली असतात.

८ जानेवारी २०१४, बुधवार, सकाळ

त्या कागदपत्रांतली १३ ऑगस्टची ओळ वर्तमानपत्रांत झळकते. काही तासांत ती देशभर होते. ख्रिस्टी दिवसाचा कार्यक्रम रद्द करतात.

९ जानेवारी, गुरुवार

केलींना काढून टाकलं जातं. ख्रिस्टींची पत्रकार परिषद पावणेदोन तासांच्या वर चालते. मला काही ठाऊक नव्हतं, माझ्याशी खोटं बोललं गेलं, मी दांडगाई करणारा नाही. सोकोलिच यांना तर आपण ओळखतही नव्हतो, असंही ते सांगतात. दुपारी ते फोर्ट लीला जाऊन माफी मागतात. निकालानंतर ६५ दिवस झालेत. दुसऱ्या कार्यकाळाचा शपथविधी अजून व्हायचाच आहे.

पुढे

२०१५ मध्ये वाइल्डस्टीन यांनी गुन्हा कबूल केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये केली आणि बारोनी दोषी ठरले. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांची शिक्षा एकमताने रद्द केली. सत्तेचा गैरवापर झाला, पण पैसा किंवा मालमत्ता लुबाडण्याचा हेतू नव्हता, म्हणून ज्या कायद्याखाली खटला भरला तो गुन्हा होत नाही, असा त्याचा अर्थ. ख्रिस्टींवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. पण २०१६ च्या शर्यतीतून ते न्यू हॅम्पशायरमध्ये सहावे येताच बाहेर पडले. जून २०१७ च्या एका चाचणीत त्यांच्यावर खूश असलेले मतदार १५ टक्क्यांवर आले होते.

एका महापौराच्या पाठिंब्याने बावीसचे तेवीस टक्के झाले नसते, आणि न मिळाल्याने एकवीसही झाले नाहीत. निवडणूक अटीतटीची असती तर ऐन प्रचारात शहर कोंडण्याचा धोका बहुधा कुणी पत्करला नसता. विजय खिशात आहे या खात्रीनेच ती हिंमत दिली. मतदारांनी मात्र त्या मंगळवारी दोन्ही कामं एकदम केली होती: एका माणसाला भरभरून सत्ता दिली, आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार दुसऱ्यांच्या हाती ठेवला. हा दुसरा कौल नसता, तर त्या ई-मेली समितीपुढे आल्या असत्या की नाही, सांगता येत नाही.