इंडियागेम्स : मुंबईतील आद्य मोबाइल गेम कंपनीचा उदय आणि अस्त

इंडियागेम्स ही मुंबईतील व्हिडिओ गेम तयार करणारी कंपनी होती. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये तिची स्थापना केली. त्या काळी भारतात घरगुती संगणक मोजके होते आणि गेम विकत घेऊन खेळण्याची सवय त्याहूनही दुर्मीळ. मोबाइलचा प्रसार होताच कंपनीने आपला मोर्चा तिकडे वळविला आणि तेथेच ती नावारूपाला आली.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. नोकियाच्या प्रारंभीच्या अनेक जावा संचांवर एका गेमला जेमतेम ६४ किलोबाइट जागा मिळे. प्रत्येक संचाचा पडदा आणि कळा निराळ्या असल्याने एकच गेम अनेक वेळा नव्याने बेतावा लागे. विक्री दूरसंचार कंपन्यांमार्फत होई आणि ग्राहकाने मोजलेल्या पैशांतील मोठा वाटा त्याच ठेवून घेत. परिणामी क्रिकेट, हिंदी चित्रपट, ब्रूस लीसारखी परवान्यावर घेतलेली नावे, असा खात्रीचा माल काढण्याकडे कल राहिला. स्वतःच्या मालकीची, पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहील अशी व्यक्तिरेखा कंपनीला घडविता आली नाही. तिच्या इतिहासातील खरी उणीव हीच म्हणावी लागेल.

मालकी मात्र वारंवार बदलली. डिसेंबर २००४ मध्ये चीनच्या टॉम ऑनलाइनने सुमारे ८० टक्के हिस्सा १ कोटी ७७ लाख डॉलरना घेण्याचे जाहीर केले. पुढे सिस्को आणि मॅक्रोमीडिया यांनीही गुंतवणूक केली. २००७ मध्ये रॉनी स्क्रूवाला यांच्या यूटीव्हीने बहुमताचा हिस्सा मिळविला. फेब्रुवारी २०१२ मध्ये यूटीव्हीच डिस्नेच्या ताब्यात गेल्याने इंडियागेम्सही ओघाने तिकडे गेली. २०१३ मध्ये गोंडल बाहेर पडले. डिस्नेच्या भारतातील कारभारात कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व उरले नाही. २०१६ मध्ये तर डिस्नेने जगभरातच स्वतः कन्सोल गेम प्रकाशित करणे थांबविले.

बंगळुरूच्या, १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हचा प्रवासही असाच झाला. स्वीडनच्या स्टारब्रीझकडून ती २०१९ मध्ये ७९ लाख डॉलरना रॉकस्टारकडे गेली आणि तिच्या भारतीय शाखेत विलीन झाली. तेथील कारागिरांचे काम चालू राहिले, नाव तेवढे पुसले गेले. इंडियागेम्सचे जुने जावा गेम मात्र ज्या संचांसाठी बेतले होते त्यांच्याबरोबरच वापरातून गेले.