पाठ्यपुस्तकातील काळा-पांढरा चौकोन

१/ धड्याशेजारी छापलेल्या क्यूआर कोडचा जन्म शाळेत नव्हे, जपानच्या मोटार उद्योगात झाला. १९९४ मध्ये डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी घडवला.

२/ साध्या बारकोडमध्ये जेमतेम वीस अक्षरे मावत. यात सुमारे ७,००० अंक मावू लागले. कंपनीने पेटंटचा हक्क बजावला नाही, त्यामुळे तो जगभर मुक्तपणे पसरला.

३/ २००९ मध्ये रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. तेथील मुलींची मातृभाषा कन्नड. पाठ्यपुस्तक मात्र त्या भाषेत नव्हते. डिसले कन्नड शिकले, पुस्तके त्या भाषेत आणली आणि कविता, गोष्टी व चित्रफिती कोडच्या साहाय्याने पानांशी जोडल्या.

४/ पुढे महाराष्ट्राच्या आणि एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटली.

५/ त्याच वर्षीच्या टाळेबंदीने या साधनाची मर्यादाही उघड केली : ज्या घरात फोन नव्हता, तेथे हा चौकोन मुकाच राहिला. परितेवाडीतील क्रम म्हणूनच लक्षात ठेवावा. शिक्षकाने आधी मुलींची भाषा आत्मसात केली. कोड त्यानंतर आला.